टीव्ही आहे, पण शिक्षक हात लावत नाहीत

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत सहा शिक्षक आहेत. लोकवर्गणीतून स्मार्ट टीव्ही घेतला, एक दिवसाचं प्रशिक्षणही झालं. तरी दोघांशिवाय कुणी तो लावत नाही. ‘मुलांसमोर अडलं तर?’ असं म्हणतात. काय करावं?
– एक मुख्याध्यापिका

उत्तर : ही भीती खरी आहे, तिला आळस समजू नका. वर्ग भरलेला असताना पडद्यावर ‘नो सिग्नल’ आलं की अनुभवी शिक्षकही गांगरतो. प्रशिक्षणात नुसतं पाहणं होतं. हात बसतो तो आपल्याच वर्गातल्या टीव्हीवर.

जमणाऱ्या दोघांबरोबर बाकीच्यांना दोन-दोन वाटून द्या. शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा अर्धा तास पुरे. रिमोट आणि फोन शिकणाऱ्याच्याच हातात हवा; जाणकाराने फक्त तोंडाने सांगायचं. त्याने पटकन बटण दाबून दिलं की तो अर्धा तास फुकट. पहिले पंधरा दिवस काम एकच : पुढच्या पाठाचा पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमध्ये स्कॅन करायचा (होत नसेल तर खालचा सहा अक्षरी कोड टाइप करायचा), व्हिडिओ आदल्या दिवशीच डाउनलोड करायचा आणि फोनवरून टीव्हीवर दाखवायचा. फोनला टीव्ही सापडत नसेल तर दोन्ही एकाच वाय-फायवर आहेत का, हे आधी बघा.

यानंतर मुद्दाम बिघाड करा. लॅपटॉप टीव्हीला जोडणारी एचडीएमआय केबल सैल करा, टीव्हीचा सोर्स (चित्र कुठून घ्यायचं ती निवड) बदलून ठेवा आणि शिकणाऱ्याला शोधू द्या. क्रम पाठ व्हायला हवा : आधी सोर्स, मग केबलची दोन्ही टोकं, मग विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडायचं, म्हणजे लॅपटॉपचंच चित्र टीव्हीवर दिसतं. चित्र टीव्हीवर आणि आवाज लॅपटॉपमधून येत असेल, तर आवाजाच्या चिन्हात टीव्ही निवडायचा. टीव्ही पेन ड्राइव्ह वाचत नसेल, तर बहुधा तो ड्राइव्ह एनटीएफएस या फाइल साठवण्याच्या पद्धतीचा असतो. लॅपटॉपवर तो फॅट ३२ या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट करा. आधी फाइली दुसरीकडे काढा, कारण फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं. शिवाय फॅट ३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

तासाला मात्र दोन मिनिटांत सुटलं नाही तर सरळ खडू उचलायचा. त्यासाठी पाठाच्या टाचणात व्हिडिओच्या शेजारीच फळ्यावर काढायची आकृती लिहिलेली असावी. वीज गेली तरी हीच तयारी उपयोगी पडते.

टीव्हीजवळ एक वही ठेवा. काय अडलं, कसं सुटलं, एवढंच त्यात लिहायचं आणि पुढचा सराव तिथूनच सुरू करायचा. या नोंदी कुणाच्या मूल्यमापनासाठी कधीही वापरू नका. तसं झालं की शिक्षक अडचणी लपवू लागतात.