अंदाज चुकला तर मार्क कापायचे का?

प्रश्न: मी सातवीला सायन्स शिकवते. वहीत हायपोथेसिस (म्हणजे प्रयोगाआधीचा अंदाज) लिहा म्हटलं की मुलं 'सूर्यप्रकाश झाडांसाठी चांगला असतो' असलं काहीतरी लिहून मोकळी होतात. हे प्रयोगाने तपासायचं कसं? आणि अंदाज चुकला की काही जण आकडेच बदलतात, त्यांचं काय करू?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर: ताई, वाक्य चूक नाहीये हो, पण ते कधी चुकूच शकत नाही, तिथेच घोळ आहे. 'चांगला' म्हणजे मोजायचं काय, उंची, पानं की रंग? मुलांना एकच विचारा, काय दिसलं तर तुझं म्हणणं चुकलं असं तू मान्य करशील? सांगता नाही आलं तर वाक्य परत लिहायचं. 'जर-तर'चा साचा देतात बरेच जण, पण त्यातही 'जर पाणी घातलं तर झाड छान होईल' असं लिहितातच पोरं.

मुगाचंच घ्या ना, दोन कुंड्या, माती तीच, पाणी तेवढंच, दाणे दहा-दहा (एकेकच लावला आणि तो उगवलाच नाही तर बसा बोंबलत), दोन्ही शेजारी शेजारी ठेवायच्या आणि एकीवर खोका पालथा घालायचा. एक खिडकीत, एक कपाटात असं नको, मग उजेडाबरोबर गरमीपण बदलते आणि कशामुळे काय झालं ते कळत नाही. आता लिहायला लावा: 'आठ दिवसांनी उजेडातली रोपं खोक्याखालच्यांपेक्षा उंच असतील.' बहुतेक मुलं हेच म्हणतील आणि बहुतेक सगळी आपटतील! अंधारातली रोपं असतात लांबलचक, पिवळट, लेचीपेची आणि उजेडातली बुटकी पण हिरवीगार. मग वर्गात भांडण लागतं की उंच म्हणजे चांगलं का, आणि पुढच्या वेळी पानांचा रंग, खोडाची जाडी असलं काहीतरी मुलं स्वतःच काढतात.

इटलीतल्या फ्रान्चेस्को रेडी या शास्त्रज्ञाचे प्रयोग पण सांगा, १६६८ साली छापलेले. मांसातून अळ्या आपोआप होतात असं तेव्हा लोक मानायचे, त्याचं म्हणणं की माश्या बसतात म्हणून होतात. काही बरण्या उघड्या ठेवल्या, काहींवर जाळीदार कापड. कापडाखालच्या मांसात अळ्या पडल्या असत्या तर रेडी तोंडावर पडला असता, पण पडल्या उघड्या बरण्यांतल्या मांसात.

आणि मार्क अजिबात कापू नका, कापता म्हणून तर आकडे बदलतात. अंदाज तपासता येतो का आणि मोजमाप नीट केलंय का, एवढ्यालाच मार्क. फक्त अंदाज दाणे पेरायच्या आधी पेनने लिहून घ्या, तारीख टाकून, पेन्सिलने नको.