मराठी घरातील मुलीने चिनी भाषा शिकावी का?

प्रश्न : आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. मुलगी नववीत आहे. घरी मराठी, बाहेर हिंदी आणि शाळेत इंग्रजी असा तिचा व्यवहार आहे. आता तिला चिनी भाषा शिकायची आहे. सासूबाईंना वाटते की आधीच हिंदीच्या वळणावर गेलेले तिचे मराठी आणखी मागे पडेल. यजमानांच्या मते दोन्ही देशांचे संबंध पाहता ही भाषा निरुपयोगी आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : तिला अवश्य शिकू द्यावे. नवी भाषा आल्यामुळे घरातले मराठी मागे पडत नाही, घरात मराठी वाचणे आणि लिहिणे थांबल्यामुळे ते मागे पडते. चिनी वर्गात जे शिकली ते तिने आजीला मराठीत समजावून सांगावे आणि आठवड्याला त्यावर पानभर मराठीत लिहावे, एवढी अट घातली तर दोन्ही भाषांना बळ मिळेल.

उच्चारांच्या बाबतीत तर मराठी मुलांची बाजू मुळातच भक्कम आहे. चिनी भाषेत ‘प’ आणि ‘फळ’मधला ‘फ’, ‘त’ आणि ‘थ’, ‘क’ आणि ‘ख’ हे भेद अर्थ बदलतात, आणि ते आपल्या कानाला लहानपणापासून कळतात. ‘चाक’मधल्या ‘च’सारखा उच्चारही तिथे आहे. मात्र १९५८ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘पिनयिन’ या रोमन लेखनपद्धतीत ‘बी’ हे अक्षर दिसले, तर त्याचा उच्चार ‘ब’ नसून ‘प’च्या जवळचा असतो, हे पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे. खरा कस लागतो तो सुरांचा. उंच, सपाट सुरातला ‘मा’ म्हणजे आई आणि खाली जाऊन वर येणारा ‘मा’ म्हणजे घोडा. म्हणून पहिले काही महिने लिपीची घाई न करता भरपूर ऐकावे आणि मोठ्याने म्हणावे. व्याकरणाचे भय बाळगू नये, कारण क्रियापद लिंग, वचन किंवा काळ यांनुसार बदलत नाही. लिपीला मात्र वर्षे द्यावी लागतात: चीनमध्ये १९८८ साली ठरवलेल्या नित्य वापराच्या यादीतच ३,५०० चिन्हे आहेत. रोज थोडी चिन्हे हाताने लिहिणे, याला पर्याय नाही.

आपल्या यजमानांची शंका मी हलकी मानत नाही. परंतु ज्या शेजाऱ्याशी सीमेवर तणाव आहे आणि ज्याच्याकडून आपले औषध कारखाने बराचसा कच्चा माल आणतात, त्याचे म्हणणे दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबून का समजून घ्यावे? सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथली भाषा शिकले, तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि १९४२ मध्ये तिथेच निवर्तले. चीनमध्ये त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. त्याआधी चौदाशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या उज्जैनचा परमार्थ हा भिक्षू ५४६ मध्ये समुद्रमार्गे दक्षिण चीनला पोहोचला आणि युद्धाच्या धामधुमीत जागोजागी भटकत बौद्ध ग्रंथांची चिनी भाषांतरे करत राहिला. माळव्यातल्या मुलीला ही परंपरा ठाऊक असावी, असे मला मनापासून वाटते.

एक व्यावहारिक बाब : २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात उदाहरणादाखल दिलेल्या परकीय भाषांमध्ये चिनीचा उल्लेख नाही, त्यामुळे शाळेवर अवलंबून न राहता शिक्षक आपणच शोधावा. पुढे पदवीसाठी शांतिनिकेतनचे १९३७ मध्ये सुरू झालेले चीना भवन किंवा दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ असे चांगले मार्ग आहेत.

प्रश्न : भाषेबरोबर चिनी संस्कृतीची ओळख मुलांना कुठून करून द्यावी? (आणखी एक वाचक, इंदूर)

उत्तर : पंचांगापासून. चिनी पारंपरिक कालगणनेतही आपल्यासारखा अधिक मास येतो, आणि आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला कुटुंब चंद्रदर्शनासाठी एकत्र जमते. मग नात्यांकडे वळावे : काका, मामा, आत्या, मावशी यांना तिथेही वेगवेगळे शब्द असून वडिलांचा थोरला आणि धाकटा भाऊ असाही भेद केला जातो. नावात आडनाव आधी येते, हेही लवकर कळलेले बरे. थोड्या मोठ्या मुलांना ह्युएन त्संगाच्या प्रवासवर्णनातला, पुलकेशी दुसऱ्याच्या काळातल्या महाराष्ट्राविषयीचा भाग मराठी अनुवादात वाचायला द्यावा. उपकार न विसरणारे आणि अपमान सहन न करणारे लोक, असे त्याने आपले वर्णन केले आहे. त्यावर मुले आपण होऊन प्रश्न विचारू लागतात.