फेब्रुवारी-मार्चमध्ये गौताळ्याच्या बाजूला कच्च्या वाटांनी सायकल चालवायची तर टायर कोणते घ्यावेत? मडगार्ड लावू का?

तुम्ही लिहिलंय की कन्नडच्या आसपास शिवारातून, जंगलाच्या कडेकडेनं फिरायचंय, या दिवसांत पाऊस नसतोच, पण असावेत म्हणून मडगार्ड बसवून घेताय. टायरचं पुढं सांगतो. मडगार्ड आधी काढून घरी ठेवा.

आणि पाऊस नसतोच हे कुणी सांगितलं? फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. काढणीला आलेला गहू, ज्वारी जागेवर झोपली. तेवढं दरवर्षी होत नाही, पण अवकाळीची एखादी सर येतेच, आणि काळ्या रानात सायकल थांबवायला पंधरा मिनिटांची सर पुरते.

माझे दाजी पुण्याला असतात, सायकलिंगची फार आवड. दोन वर्षांपूर्वी होळीच्या आधी आले होते. सकाळी साडेसहाला स्वेटर घालून निघालो. पळस ऐन भरात होता, एकेका झाडावर भोरड्या पक्ष्यांचा नुसता कालवा. शाळू काढून कडब्याच्या पेंढ्या उभ्या केलेल्या. नऊ वाजता स्वेटर कमरेला बांधले. वाट मुरमाची, सायकल कशी पाण्यासारखी चालली होती. दाजी दर दहा मिनिटांनी थांबून फोटो काढत होते आणि मला मनातून फार बरं वाटत होतं, कारण मराठवाड्यात दुष्काळाशिवाय बघायला काय आहे, हे त्यांचं आमच्या घरातलं जुनं वाक्य.

दहाच्या सुमारास घाटाच्या बाजूनं ढग आला. वारा एकदम पडला. मी म्हणालो, "दाजी, मागं फिरू. मुरूम इथं संपला, पुढं दोन किलोमीटर पांदण आहे, शेतांमधली कच्ची वाट, सगळं काळं रान."

"एवढ्याशा ढगाला भितोस? मडगार्ड आहेत की," ते म्हणाले आणि पुढं निघाले. पाहुण्या माणसाला एकटं कसं सोडणार? मीही गेलो.

वीस मिनिटं पाऊस पडला, मध्ये हरभऱ्याएवढ्या गारा. थांबल्यावर निघालो. आधी नुसतं घसरत होतं. मग चाकाला मातीचा थर बसला, त्यावर काडीकचरा, त्यावर पुन्हा माती. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि जे लागेल त्याला धरते, चपलेला धरते तशीच टायरला. मडगार्डमुळं तिला निसटायला जागाच उरत नाही. शंभर पावलांत दाजींचं पुढचं चाक जाम. ते ओढायला लागले तर सायकल फिरेना, नुसती घसटत यायला लागली. मी म्हणत होतो उचलून बांधावर घ्या, तर ते बसून पॅडलवर जोर देत राहिले. मागच्या गिअरमध्ये माती आणि काड अडकलेलं. काडकन आवाज झाला आणि गिअरचा हँगर, म्हणजे मागचा गिअर सांगाड्याला धरणारी पट्टी, तुटून सगळं लोंबायला लागलं.

माझंही चाक भरलं होतं, नाही असं नाही. पण मडगार्ड नसल्यामुळं काडीनं माती उकरली की चार पावलं फिरायचं. तसं करत बांधावरच्या गवतातून ढकलत एका शेतवस्तीवर पोचलो. दाजींनी सायकल खांद्यावर आणली. धुवायला पाणी मागितलं तर तिथल्या आजी म्हणाल्या, "पाणी नका घालू बाबा, आणखी चिकटंल. उन्हात ठिवा, वाळली की आपोआप गळंल." त्यांनी चहा दिला. तासा-दीड तासात ऊन असं कडक पडलं की सकाळी आपण स्वेटर घातला होता हे खरं वाटेना. माझ्या सायकलीवरच्या मातीला भेगा पडल्या, दांड्यानं ठोकल्यावर खापरीसारखे तुकडे पडले आणि चाक मोकळं. मडगार्डच्या आतली माती मात्र ओलीच. शेवटी पान्यानं मडगार्ड सोडवले तेव्हा ती निघाली.

तर टायर. दोन इंच रुंद, ठळक नक्षीचा, हवा थोडी कमी. त्यापेक्षा महागाच्या मागं लागू नका, ओल्या काळ्या रानात चालणारा टायर कुणी बनवलेला नाही. टायरपेक्षा माती ओळखायला शिका. उंचवट्यावर तांबूस, भुरकट, पायाखाली करकरणारा मुरूम असतो, त्यात पाणी मुरतं. सखल भागात, ओढ्याजवळ काळी. ढग दिसला की मुरमावर थांबायचं. काळी वाळल्यावरही चाकोऱ्या दगडासारख्या होतात, पुढचं चाक त्यात गेलं की हँडल वळत नाही.

राहिलंच, पंक्चर. सराटे आणि बाभळीचे काटे या दिवसांत वाटेवर भरपूर असतात. ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे बारीक भोक आतूनच बुजवणारा द्रव, भरा, दोन जादा ट्यूब ठेवा. डांबरी रस्त्यानंच जाणार असाल तर मडगार्ड खुशाल लावा, माझं म्हणणं काळ्या रानापुरतं आहे. आणि गौताळा हे १९८६ पासून अभयारण्य आहे, आत जायचं तर वनखात्याच्या गेटवर विचारून, नोंद करूनच जा. बिबट्या आहे, अस्वल आहे, अंधाराच्या आत बाहेर पडा. पाणी निदान तीन लिटर.

त्या पाडव्याला दाजींनी सगळ्या पाहुण्यांसमोर सांगितलं की मी त्यांना चिखलात नेलं. मी तेव्हा बहिणीकडं बघून गप्प बसलो. दाजी, हे वाचत असाल तर, मी मागं फिरू म्हणालो होतो, आणि ते भिऊन म्हणालो नव्हतो. ते रान माझ्या ओळखीचं आहे. येत्या फाल्गुनात पुन्हा या, तीच वाट पुरी करू. मडगार्ड तेवढे घरी ठेवून या.