वनस्पतींच्या उत्क्रांतीचा अभ्यास आरंभताना

आपण हा विषय निवडलात याचा मनापासून आनंद झाला. आरंभी एकच प्रजाती (जवळच्या जातींचा गट, जीनस) घ्यावी. सह्याद्रीतील कंदीलपुष्प उत्तम, कारण तिच्या अनेक जाती प्रदेशनिष्ठ, म्हणजे केवळ याच भागात आढळणाऱ्या, आहेत. फुलाच्या नळीतील खाली वळलेले केस चिलटांना कोंडून ठेवतात आणि केस कोमेजल्यावरच ती परागपुंज (परागकणांचे गठ्ठे) घेऊन बाहेर पडतात. या नळीची जातींनुसार तुलना करावी.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका टाळाव्यात:

- वाळलेल्या नमुन्यात फुलाचा रंग टिकत नाही, म्हणून तो स्थळ, उंची व तारखेसह जागेवरच नोंदवावा.
- दुर्मीळ जातीचा कंद कदापि उपटू नये, छायाचित्र पुरते.
- पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा वनस्पतिसंग्रह पाहण्यापूर्वी ‘नवी जाती’ म्हणू नये.

डीएनए-विश्लेषण तूर्त बाजूला ठेवावे.