विमान उतरत असताना जीपीएस बंद पडलं तर ते कोसळतं का?

कोसळत नाही. पण एवढं सांगून पुढे “आयएलएस असतंच की” असं जोडणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. आयएलएस, म्हणजे रेडिओ लहरींनी धावपट्टीकडे आणणारी जमिनीवरची यंत्रणा, प्रत्येक धावपट्टीला नसतं.

असेल तर प्रश्न मिटला. त्याचे लोकलायझर (डावी-उजवी दिशा) आणि ग्लाइड स्लोप (उतार) हे सिग्नल धावपट्टीजवळच्या अँटेनांवरून येतात, उपग्रहाशी त्यांचा संबंध नाही. नकाशाचा पडदा चुकीचं दाखवत असला तरी या दोन सुया बरोबरच दाखवतात.

अडचण येते ती आरएनपी अप्रोचला, म्हणजे जीपीएसवर आधारलेल्या उतरण्याच्या पद्धतीला. तिथे उतरण्याचा मार्ग फक्त विमानाच्या कॉम्प्युटरमध्ये असतो आणि शेवटच्या टप्प्यात बाजूची अचूकता ०.३ नॉटिकल मैल, म्हणजे साधारण ५५५ मीटर लागते. जीपीएस गेलं की कॉम्प्युटर आयआरएस (विमानाची हालचाल मोजून जागा काढणारी विमानातलीच यंत्रणा) आणि आवाक्यातल्या डीएमईंवर (जमिनीवरून अंतर सांगणारी रेडिओ केंद्रं) येतो. डीएमई नसतील तर एकटं आयआरएस तासाला दोन नॉटिकल मैलांपर्यंत सरकू शकतं. त्या हिशेबाने ०.३ ची मुभा नऊ मिनिटांत संपते, आणि आधीची चूक त्यात धरली तर त्याहून लवकर. मग एअरबसवर ‘जीपीएस प्रायमरी लॉस्ट’, बोइंगवर ‘अनेबल आरएनपी’ अशा धर्तीचा संदेश येतो.

एकाच वैमानिकाच्या बाजूचं जीपीएस गेलं असेल तर दुसऱ्या बाजूच्या ऑटोपायलटवर अप्रोच चालू ठेवता येतो. दोन्हीकडचं गेलं आणि धावपट्टी दिसत नसेल तर गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढणं: टोगा थ्रस्ट (त्या चढासाठीचा इंजिनांचा जोर), नाक वर, फ्लॅप एक पायरी कमी, चढ पक्का दिसला की चाकं वर. इथेच लोक फसतात. मिस्ड अप्रोचचा, म्हणजे न उतरता वर जाण्याचा, मार्गही बहुतेकदा त्याच जीपीएसवर आखलेला असतो, त्यामुळे कॉम्प्युटरमधला मार्ग धरणाऱ्या नॅव्ह मोडवर विसंबणं धोक्याचं. हेडिंग मोड (आपण दिलेली दिशा धरणारा) घ्या, एमएसए, म्हणजे किमान सुरक्षित उंची, गाठा, कंट्रोलरकडे रडार व्हेक्टर (रडारवर बघून सांगितलेली दिशा) मागा. एमएसए २५ नॉटिकल मैलांच्या परिघातल्या सर्वांत उंच अडथळ्यावर हजार फूट अंतर देते. हे सगळं खाली उतरायला लागण्याआधीच्या ब्रीफिंगमध्ये बोलून झालेलं हवं. गो-अराउंडमध्ये चार्ट उलगडायला वेळ नसतो.

जॅमिंग, म्हणजे सिग्नल दाबून टाकणं, निदान कळतं. स्पूफिंगमध्ये, म्हणजे खोटा सिग्नल पाठवला जातो तेव्हा, संदेश येईलच असं नाही. घड्याळ उडी मारतं, ग्राउंड स्पीड वाऱ्याशी जुळत नाही. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं ईजीपीडब्ल्यूएस चुकीच्या जागेवरून डोंगरांचा हिशेब करून ‘पुल अप’ ओरडतं. रात्री किंवा ढगात हा इशारा खोटा ठरवत बसू नये, आधी वर चढावं. उंचीचा पडताळा मात्र सोपा आहे: तीन अंशांच्या उताराला नॉटिकल मैलामागे सुमारे ३२० फूट. धावपट्टीच्या टोकापासून पाच नॉटिकल मैलांवर विमान धावपट्टीपेक्षा सुमारे १६०० फूट उंच हवं. डीएमई टोकाशी नसेल तर चार्टवरचा तक्ता बघा.

म्हणूनच व्हीओआर-डीएमई (जमिनीवरून दिशा आणि अंतर सांगणारी केंद्रं) ही भंगारात काढायची जुनी सामग्री आहे असं कोणी म्हटलं की मला चीड येते. एस्टोनियातल्या तार्तूचं बघा. एप्रिल २०२४ मध्ये हेलसिंकीहून निघालेली फिनएअरची दोन विमानं जीपीएसमधल्या अडथळ्यामुळे तिथे न उतरता परतली. तिथला अप्रोच जीपीएसवरच होता. सेवा २९ एप्रिलपासून ३१ मेपर्यंत बंद राहिली आणि जीपीएस न लागणारी पद्धत आल्यावर पुन्हा सुरू झाली. उपग्रहाचा सिग्नल वीस हजार किलोमीटरवरून येतो, जमिनीवरच्या जॅमरपुढे तो फारच क्षीण असतो. ही कमजोरी जुनीच आहे, तरीही जमिनीवरचे पर्याय बंद करण्याची घाई का?

दोन गोष्टी राहिल्या. बटणं आणि क्रम विमानाच्या प्रकारानुसार बदलतात, तिथे आपल्या मॅन्युअलचंच ऐकायचं. आणि उतरणीचं मार्गदर्शन सगळीकडे जीपीएसवर नसतं. एलपीव्ही या उपग्रहावरच्या अप्रोचमध्ये ते जीपीएसबरोबर जातं. बॅरो-व्हीनॅव्ह या पद्धतीत ते दाबमापक अल्टिमीटरवरून (उंचीमापक) येतं, पण तिथे क्यूएनएच (अल्टिमीटरवर लावायचा समुद्रसपाटीचा हवेचा दाब) दहा हेक्टोपास्कलने जास्त लावला तर विमान सुमारे २८० फूट खालून येतं आणि सुई मधोमधच दिसत राहते. ती चूक जीपीएस ठणठणीत असतानाही होते, म्हणून क्यूएनएच दोन्ही वैमानिकांनी ऐकून पडताळायचा.