पुडी कोणी दिली, एवढ्यावर खटला उभा राहत नाही

अनेक आशीर्वाद.

हेरॉइनच्या अतिसेवनाने झालेल्या मृत्यूच्या खटल्यावरचे तुझे टिपण वाचले. ‘ज्याने पुडी दिली त्यानेच जीव घेतला’ हे वाक्य पहिल्याच ओळीत आहे. मृताच्या आईने ते म्हणावे, तिचा तो हक्कच आहे. वकिलाने मात्र ते पुरावा पाहिल्याखेरीज लिहू नये.

आधी शवविच्छेदनाचा आणि रासायनिक विश्लेषणाचा अहवाल वाच. अशा मृतांच्या रक्तात पुष्कळदा हेरॉइनसोबत झोपेच्या गोळ्या आणि दारूही सापडते, आणि या प्रत्येकाने श्वास थोडाथोडा मंदावलेला असतो. अमेरिकेच्या संघीय कायद्यात हेरॉइन पुरवल्यामुळे मृत्यू झाल्यास किमान 20 वर्षांची शिक्षा आहे. परंतु हेरॉइन घेतले नसते तर तो माणूस जगला असता का, हे बरेज खटल्यातील तज्ज्ञांना सांगता आले नाही, तेव्हा 2014 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूचा तो ठपका रद्द केला. हेरॉइनने मृत्यूला हातभार लावला, एवढे त्याला पुरेसे वाटले नाही.

इंग्लंडमधील केनेडी खटल्यात आरोपीने सिरिंज भरून हातात दिली होती, टोचून मात्र मृताने स्वतः घेतले होते. जाणत्या प्रौढाने स्वखुशीने केलेली कृती दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही, म्हणून हा सदोष मनुष्यवध नव्हे, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, 2007 मध्ये ठरवले. मला हा निकाल पटतो, तरी व्यसनात बुडालेल्या माणसाची ‘स्वखुशी’ कितपत खरी असते, हा प्रश्न मला आजही छळतो.

मात्र पुरवणारा सुटला, असे समजू नकोस. इंग्लंडमधल्याच 2009 च्या इव्हान्स खटल्यात 16 वर्षांच्या मुलीला तिच्या सावत्र बहिणीने हेरॉइन दिले होते, आणि अतिसेवनाची लक्षणे ओळखूनही आपण अडकू या भीतीने मदत न बोलावता तिला नुसते झोपवून ठेवले. जे संकट आपण ओढवले, त्यातून माणसाला वाचवण्याची धडपड करणे हे आपले कर्तव्य ठरते, या तत्त्वावर त्या बहिणीची शिक्षा कायम राहिली. त्या भीतीचा विचार करूनच कॅनडाने 2017 मध्ये, मदतीसाठी फोन करणाऱ्याला पदार्थ जवळ बाळगल्याच्या आरोपातून संरक्षण दिले. पुरवठ्याच्या आरोपातून नाही.

म्हणून टिपण पुन्हा लिहिताना शेवटच्या तासापासून सुरुवात कर: खोलीत कोण होते, घशातली घरघर कधी ऐकू आली, ओठ निळे पडलेले कोणी पाहिले, आणि पहिला फोन किती वाजता, कोणाला गेला.