सत्तेच्या मागे लागलेला तरुण नायक हळूहळू बिघडताना कसा दाखवावा?

तुम्ही लिहिताय त्या कादंबरीतला नायक २२ वर्षांचा, गावच्या दूध संस्थेत कामाला लागलेला. शेवटी तो विरोधकाचं घर पेटवायला माणसं पाठवतो आणि वाचणारे विचारतात, हा एकदम असा कसा झाला? मला वाटतं, घोळ शेवटी नाही, पहिल्या वीस पानांत आहे. तिथं तो नुसताच सज्जन आहे. त्याच्या सज्जनपणाला काही काम नाही.

पहिली खोट त्या सज्जनपणातूनच निघू द्या. मी कोल्हापूरकडच्या करवीर तालुक्यातला, पहाटे किटल्या घेऊन संस्थेच्या दारात लागणारी रांग लहानपणापासून बघत आलोय. समजा, एका एकट्या बाईची म्हैस आजारातून उठलीय. दुधाला फॅट, म्हणजे स्निग्धांश, लागलं ५.८, आणि पोरानं कळवळून वहीत मांडलं ६.२. दर फॅटवर ठरतो, म्हणजे बाईच्या हातात चार पैसे जास्त. दुसऱ्या दिवशी ती त्याला हात जोडते. आजवर त्याला कुणीच हात जोडलेले नाहीत. हा प्रसंग घाई न करता लिहा. वाचकानंही मनात म्हणायला हवं, बरं केलंस बाबा.

मग दुसऱ्या गटातला एकजण नायकाच्या बापाला चारचौघांत बोलतो आणि त्या माणसाच्या दुधाचं फॅट वहीत कमी लागायला लागतं. पुढं जिल्हा दूध संघाची निवडणूक येते. संस्थेच्या वतीनं मत कुणी द्यायचं याचा ठराव करावा लागतो आणि त्या एका ठरावासाठी मोठमोठे नेते दारात चपला काढतात. आमच्याकडं हे नवीन नाही, तुम्हाला वेगळं काही रचावं लागणार नाही.

बिघडण्याच्या वेगासाठी शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ नाटक पुन्हा वाचा. राजा डंकनला मारण्याआधी मॅकबेथ किती घुटमळतो! नको म्हणून मागंही फिरतो, बायको टोचते तेव्हा तयार होतो. मित्र बँकोवर मारेकरी घालताना तो तिलाही सांगत नाही. विरोधात गेलेल्या मॅकडफची बायकापोरं मारायचं ठरवायला तर त्याला काही ओळी पुरतात. घुटमळणं दर वेळी आखूड होत जातं. तुमच्या नायकाच्या घुटमळण्याला कुठं किती पानं दिलीत, ती एकदा मोजून बघा.

आणि त्याला कोण कशी हाक मारतं, यावर बारीक लक्ष ठेवा. आधी सगळे ‘अरे’ म्हणतात. मग कुणी ‘दादा’ म्हणतं, कुणी ‘साहेब’. शेवटी ‘अरे’ म्हणणारं कोण उरतं?

माझा एक मित्र आमच्याच तालमीतला. माझ्या आईच्या हातची भाकरी खाऊन वाढलेला. एका नेत्याच्या मागं फिरायला लागला, दोन-तीन वर्षांत त्याचा शब्द चालायला लागला. एकदा मागं चार पोरं घेऊन घरी आला. आई गडबडली, खुर्ची पुसत म्हणाली, “बसा की, चहा टाकते.” तिच्या तोंडून त्याच्यासाठी ‘बसा’ मी पहिल्यांदा ऐकलं. मला वाटलं, आता तो हसून म्हणेल, “काकू, मला काय बसा म्हणताय?” त्यानं ऐकलं होतं, क्षणभर तिच्याकडं बघितलंही. आणि बसला.